भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे

मराठ्यांच्या इतिहासाची मूळ साधने मिळविणे, त्यांचे जतन करणे व ती प्रसिद्ध करणे यांसाठी स्थापन झालेली ख्यातनाम संस्था व तिचे संग्रहालय. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी तिची स्थापना केली. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी इ. वतनदारांच्या घरची जुनी दप्तरे त्या काळी वाळवी, ओल व अनास्था यांमुळे नष्ट होत होती. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून अशी दप्तरे मिळविली. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला होता. या एकाकी उद्योगाला मंडळामुळे सामुदायिक रूप आले. पुढे द. वा. पोतदार (१८९०–१९७९) व ग. ह. खरे (१९०१–८५) यांनी मंडळाचे कार्य वाढविले.

मंडळाच्या संग्रहात मोडी, फार्सी इ. लाखो कागदपत्रे, हस्तलिखित पोथ्या, ताम्रपट, शिलालेख, नाणी, चित्रे व मूर्ती आहेत. कागद वाचून त्याचा काळ ठरविणे हे येथील कामाचे महत्त्वाचे अंग होय. मराठी पत्रांत बहुधा शुहूर सन आढळतो. त्यात ५९९ वा ६०० मिळविल्यास इसवी सन मिळतो. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलत असल्याने महिना पाहूनच योग्य अंक घ्यावा लागतो. अशा रीतीने तपासलेली साधने मंडळाचे त्रैमासिक, ‘शिवचरित्र साहित्य’ व खरे यांनी संपादिलेले ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ यांतून प्रसिद्ध झाली.

एका घराण्याचा कागद इतिहासाला कसे वळण देतो, याचे ठळक उदाहरण जेधे शकावली हे होय. कारी येथील जेधे देशमुखांकडील ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये मंडळातर्फे प्रसिद्ध केली. शिवजन्माचे वर्ष तोवर सामान्यतः १६२७ मानले जाई. शकावलीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) ही तिथी आढळली. पुढे जोधपूरकडील जन्मकुंडलीने तिला दुजोरा दिला.

जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरून निर्माण झालेल्या वादात ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला केला. त्यात पोथ्या, चित्रे व इतर वस्तूंची हानी झाली. मूळ कागद नष्ट झाल्यास त्याच्या छापील पाठाची फेरतपासणी करता येत नाही आणि अप्रकाशित कागदातील पुरावा तर कायमचा लोपतो. म्हणून जतन व प्रकाशन ही मंडळाची दोन्ही कार्ये परस्परपूरक ठरतात.