एकाच घराण्याचे तीन हेडफोन

आमच्या रामबागेतल्या घरी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक जुने शिसवी कपाट आहे. वडिलांनी हौसेने जमविलेल्या ध्वनिमुद्रिका त्यात अजून जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतली एक मात्र कपाटात कधी फार दिवस राहिली नाही. १९६० साली 'हिज मास्टर्स व्हॉइस'ने काढलेली उस्ताद अमीर खाँ यांची ती मोठी तबकडी. एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. खाँसाहेबांचे वडील शहामीर खाँ होळकर दरबारी वादक होते, खाँसाहेब याच शहरात वाढले आणि त्यांच्या गायकीला पुढे या शहराचेच नाव मिळाले. तेव्हा इंदूरच्या एका मराठी घरात ही तबकडी असावी यात नवल ते काय? पण माझे थोरले बंधू (आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो) ती ऐकता ऐकता एका संध्याकाळी थबकले आणि म्हणाले, "तानपुरा कुठे गेला रे?"

तानपुरा कुठेच गेला नव्हता. माझ्या कानांना तो स्वच्छ ऐकू येत होता. दादांचे वय आता ७९. यथावकाश कानांची तपासणी झाली, आलेख हाती आला. खालच्या स्वरांकडे रेषा बरीचशी सरळ होती आणि २००० हर्ट्झच्या पुढे ती घाटातल्या रस्त्यासारखी उतरत गेली होती. वयोमानाने वरच्या कंपनसंख्यांचे ऐकणे आधी जाते, हे आपण सारे वाचतो. त्याचा गाण्याशी काय संबंध पोहोचतो, हे मला त्या दिवशी कळले. पुरुषगायकाचा षड्ज काळी एक, म्हणजे सुमारे १३८ हर्ट्झ धरला, तर तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. एवढे दादांना ऐकू यावयास हवे. पण तानपुरा म्हणजे केवळ ती मूळ कंपने नव्हेत. जवारीतून जे झणत्काराचे जाळे उठते ते त्या तारेच्या वरच्या उपस्वरांचे असते, आणि ते हजारो हर्ट्झपर्यंत चढत जाते. दादांपाशी तार उरली होती, जवारी गेली होती.

श्रवणयंत्र घेतले. बोलणे ऐकण्यास त्याचा उपयोग निर्विवाद आहे. नातवंडांशी दादांचे बोलणे पुन्हा सुरू झाले ते त्याच्यामुळेच. गाण्याला मात्र ते मानवेना. अशा यंत्रातून शिटी उमटू नये म्हणून आत एक योजना केलेली असते. सतत, स्थिर वाजणारा स्वर आला की ती योजना कधीकधी त्यालाच शिटी समजते आणि दाबू पाहते. तानपुऱ्याइतका सतत आणि स्थिर स्वर दुसरा कोणता? संगीतासाठी निराळी योजना असते, तीही लावून घेतली. दादांनी दोन दिवस ऐकले आणि यंत्र काढून टेबलावर ठेवले. "भिंतीपलीकडचं गाणं वाटतं," एवढेच म्हणाले.

येथे माझ्या छंदाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. गेली कित्येक वर्षे मी हेडफोन जमवीत आलो आहे. घरातल्यांच्या मते तो छंद नसून व्यसन आहे. त्यांतले तीन एकाच जर्मन कंपनीचे, झेनहायझरचे. जेल रोडवर तिला सेनहायझर म्हणतात. १९४५ साली हॅनोव्हरजवळच्या एका खेड्यात फ्रिट्झ झेनहायझर यांनी ती सुरू केली. १९६८ साली तिने एचडी ४१४ हा हेडफोन काढला. तोवर हेडफोन म्हणजे कान बंद करून टाकणारी भांडी; याची पाठ मात्र उघडी होती, आणि कानांवर पिवळ्या फोमच्या हलक्या गाद्या. आतला आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो, पण त्या बदल्यात गाणे डोक्यात कोंडल्यासारखे वाटत नाही. या घराण्याची पुढची वाटचाल बरीचशी त्या उघड्या पाठीचीच आहे. २०२२ साली कंपनीचा घरगुती वस्तूंचा विभाग स्वित्झर्लंडच्या सोनोव्हाकडे गेला. सोनोव्हाचा मुख्य व्यवसाय श्रवणयंत्रांचा, हा योगायोग दादांना फार गमतीचा वाटला.

माझ्याकडचे दोन उघड्या पाठीचे आहेत. एचडी ६०० हा १९९७ सालचा, एचडी ६५० हा २००३ सालचा. दोघांचा अवरोध ३०० ओहम, म्हणजे मोबाईलच्या भोकात खुपसून त्यांच्याकडून काम होत नाही. जास्त दाबाचा विद्युत्‌प्रवाह देणारा वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. बांधणी इतकी सारखी की गाद्या एकाच्या दुसऱ्याला बसतात. गाद्या काही वर्षांत बसक्या होतात आणि आवाज बदलतो. जुना हेडफोन बिघडला म्हणून टाकून देण्याआधी वाचकांनी गाद्या बदलून पाहाव्यात. स्वभाव मात्र भावाभावांसारखे वेगळे. ६०० हा स्पष्टवक्ता. कंठाचा मधला भाग तो इतका नीट मांडतो की खाँसाहेबांचा श्वासही ऐकू यावा. ६५० चे खालचे स्वर भरघोस, वरचे किंचित मवाळ. त्यावर तबल्याचा बायाँ छान घुमतो. तिसरा एचडी २५, १९८८ सालचा, या दोघांहून अगदी निराळा. जेमतेम १४० ग्रॅम वजनाचा, बंद पाठीचा, कानावर घट्ट दाबून बसणारा, ध्वनिमुद्रण आणि प्रसारण करणाऱ्यांचा आवडता. शौकीन लोक त्याला घरात बसून गाणे ऐकण्याचे साधन मानीत नाहीत. मीही मानीत नव्हतो.

या घराण्यातला २००९ सालचा थोर एचडी ८०० मी पुण्याला एका स्नेह्यांकडे ऐकला आहे. वाद्यवृंद त्यावर सभागृहाएवढा पसरतो. परंतु आमची तबकडी एकमार्गी ध्वनिमुद्रणाची आहे. हेडफोन कितीही विशाल असला तरी खाँसाहेब मस्तकाच्या मधोमधच बसणार. त्या पैशांत माझ्या मते जन्मभर पुरतील इतक्या ध्वनिमुद्रिका घ्याव्यात.

तर एका संध्याकाळी दादांना खुर्चीत बसविले. तबकडी झिजू नये म्हणून तिची नक्कल मी संगणकावर करून ठेवली आहे, तीच लावली. ६०० वर दादा पाच मिनिटे स्तब्ध होते. मग म्हणाले, "गाणं उत्तम. तानपुरा नाही." ६५० वर चेहरा जरा उजळला, खाँसाहेब जवळ सरकून बसले आहेत असे वाटते म्हणाले, पण तानपुरा नाहीच. निव्वळ नियम म्हणून २५ त्यांच्या कानांवर चढवला. दादांनी डोळे मिटले, उजवा हात वर केला आणि बोटे हलू लागली, तारा छेडणाऱ्याची हलतात तशी.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या काही न बोलता आत गेल्या.

माझ्यातला छांदिष्ट मात्र गप्प बसेना. असे व्हावेच कसे? रात्री विचार करताना माझीच चूक ध्यानात आली. २५ चा अवरोध ७० ओहम. ॲम्प्लिफायरची कळ जागची न हलवता मी तो जोडला होता, म्हणून तो ६०० पेक्षा पुष्कळ मोठ्याने वाजला. जो मोठ्याने वाजतो तो कानाला सरस वाटतो, हा या छंदातला पहिला धडा, आणि तोच मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी आवाज सारखे करून पुन्हा ऐकवले. अंतर कमी झाले, पण नाहीसे झाले नाही. २५ चे वरचे स्वर मुळात थोडे तिखट आहेत, हे एक कारण. दुसरे कारण छताकडे पाहिल्यावर दिसले. पंखा चालू होता. बाहेर संध्याकाळच्या वाहनांची रीघ होती. उघड्या पाठीतून ते सारे आत येत होते आणि दादांपाशी जवारीचा जो धागा उरला होता तो त्याखाली झाकला जात होता. धडधाकट कान गोंगाटातून धागा वेगळा काढतो; थकलेल्या कानाला ते जमत नाही.

आता खरा वाद उभा राहिला तो आवाजाचा. तानपुरा सापडला म्हणताच दादा कळ पिळू लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकणे निर्धोक आहे. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ८९ वर जेमतेम ५ तास. हे मी कागदावर मांडून दाखविले. दादांनी कागद वाचला, घडी केली आणि म्हणाले, "अरे, मी आणखी किती वर्षं ऐकणार? उरलेलं जपून कुणासाठी ठेवू?" मला उत्तर सुचले नाही. वर्ष दोन वर्षांत तारही गेली तर, हे तोंडावर आणण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. वहिनींनी आपल्या कपाळावरची टिकली काढली आणि कळीच्या कडेला चिकटवली. "याच्या पुढे नाही," त्या म्हणाल्या. माझा कागद न मानणारे दादा टिकलीपाशी थांबतात.

पंखा बंद करून, पहाटे साडेचारला, रस्ता निजलेला असताना ६०० वर ऐकावे, असे मी सुचवून पाहिले. दादा रागावले. मारवा पहाटे? मारवा सूर्यास्ताचा, आणि सूर्यास्तालाच आमचा रस्ता सर्वांत जास्त गर्जतो. दरबारी मात्र रात्रीची. म्हणून तबकडीच्या दोन बाजूंची आता वाटणी झाली आहे. दिवेलागणीला मारवा २५ वर. तो कान दाबतो, दहा-बारा मिनिटांनी दादा तो उतरवतात, पाळ्या चोळतात आणि पुन्हा चढवतात. रात्री साडेअकराच्या पुढे, सराफ्याकडे जाणाऱ्या मंडळींची वर्दळ सरली की पंखा बंद होतो आणि दरबारी ६०० वर लागते. तानपुरा त्यावर थोडा मागे असतो, पण असतो. परवा दादा म्हणाले, त्यातली खर्जाची तार किंचित उतरलेली वाटते. मी पुन्हा पुन्हा ऐकतो आहे. मला ती उतरलेली वाटत नाही.