जुनी डिझेल मोटार घेण्यापूर्वीं



पूर्वीं शेतकरी बैल विकत घ्यावयास बाजारीं जाई, तेव्हां तो त्याचे दांत पाही, खांदा चांचपी आणि चार पावलें चालवून बघी. बैल कितीहि धष्टपुष्ट दिसो, ह्या तीन परीक्षांवांचून तो पैसे मोजीत नसे. आजचा शहरांतला सुशिक्षित गृहस्थ मात्र तीन-चार लाख रुपयांची जुनी मोटार घ्यावयास निघाला म्हणजे तिचा रंग पाहतो, आंतल्या गादीवर बसून पाहतो, थंड हवा येते कीं नाहीं एवढें विचारतो, आणि घरीं येऊन 'गाडी उत्तम आहे' असें सांगतो. मीहि असाच एक गृहस्थ होतों. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं एक जुनी डिझेल मोटार घेतली. तीं थोडीं वर्षें मला जें शिकवून गेलीं, तें आज आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

मी बोलणार आहें तें लहान कौटुंबिक गाडीविषयीं. हिला हॅचबॅक म्हणतात. म्हणजे जिची डिकी निराळी नसून मागचें दार कांचेसह वर उचललें जातें, अशी आंखूड मोटार. जुन्या बाजारांत अशा डिझेल गाड्या पुष्कळ दिसतात, त्याला कारण आहे. इ. स. २०१० च्या जून महिन्यांत सरकारनें पेट्रोलच्या दरावरचें नियंत्रण काढलें, परंतु डिझेलवरचें २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत चालू ठेविलें. त्यामुळें दोहोंच्या दरांत मोठें अंतर पडलें. २०१२ च्या मे महिन्यांत दिल्लीस पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेलें असतां डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होतें. साहजिकच लोकांनीं डिझेल गाड्यांवर उड्या घातल्या. मारुतीची स्विफ्ट व रिट्झ आणि टाटांची इंडिका व्हिस्टा ह्या सर्वांत फियाटच्या आराखड्याचें एकच १२४८ घन सेंटिमीटरचें एंजिन बसविलेलें असे. तें मारुतीसाठीं मानेसर येथें आणि टाटा-फियाटसाठीं आपल्या पुण्याजवळ रांजणगांव येथें तयार होई. पुढें २०२० च्या १ एप्रिलपासून भारत स्टेज ६ हे धुराविषयींचे कडक नियम लागू झाले आणि मारुतीनें डिझेल गाड्या बनविणें बंद केलें. म्हणून आज बाजारांत येणाऱ्या बहुतेक डिझेल हॅचबॅक त्यापूर्वींच्या आहेत.

आतां पहिला प्रश्न. 'कोणती गाडी घ्यावी?' हा तो नव्हे. 'मी वर्षाला किती किलोमीटर जाणार?' हा तो प्रश्न होय. ह्याचें उत्तर कागदावर मांडल्यावांचून डिझेलचें नांव काढूं नये. २०२५ सालीं पुण्यांत पेट्रोल लिटरला सुमारे १०४ रुपये व डिझेल सुमारे ९१ रुपये होतें. लहान पेट्रोल गाडी लिटरला १६ किलोमीटर आणि डिझेल गाडी २० किलोमीटर जाते असें धरूं. म्हणजे पेट्रोलचा खर्च किलोमीटरला साडेसहा रुपये आणि डिझेलचा साडेचार रुपये. बचत दोन रुपयांची. वर्षाला १२,००० किलोमीटर जाणाऱ्याचे २४,००० रुपये वांचतात. पण मंडई, देऊळ आणि नातवाची शाळा एवढेंच करून वर्षाला ४,००० किलोमीटर जाणाऱ्याचे वांचतात केवळ ८,०००. ह्या एंजिनांत इंधन फवारणारे चार इंजेक्टर असतात, आणि हवा कोंबणारा टर्बो असतो. ह्यांतलें कांहींहि बिघडलें कीं हजारोंनीं पैसे जातात. अल्प प्रवास करणाऱ्याची कित्येक वर्षांची बचत अशी एका दुरुस्तींत वाहून जाते.

माझें गणित निराळें होतें. माझी वृद्ध आई चिपळूणच्या जुन्या घरीं राहत असे. तिचें वय चौऱ्याऐंशीं. पुण्यास येण्यास तिनें साफ नकार दिला होता. 'ह्या अंगणांतून मला उचलून नेऊं नका,' एवढेंच ती म्हणे. तेव्हां महिन्यांतून दोनदां मीच जावयाचें ठरविलें. साताऱ्यावरून, पाटण-कोयनेकडून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण सुमारे सव्वादोनशें किलोमीटर पडतें. दोन फेऱ्यांचे नऊशें किलोमीटर झाले. माझ्यासारख्यास डिझेल गाडीच योग्य होती. आणि पैसे होते ते फंडाचे, पुन्हा न मिळणारे.

एका दुकानांत मला एक पांढरी गाडी पसंत पडली. सौदा ठरला, आणि उत्साहाच्या भरांत मीं पांच हजार रुपये इसार दिला; पावती मात्र घेतली नाहीं. दुसऱ्या दिवशीं आमच्या आळींतल्या वृद्ध मिस्त्रींना घेऊन मी पुन्हा गेलों. त्यांनीं गाडी सुरू करण्यापूर्वीं बॉनेटवर तळहात ठेविला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, हिला आपण यायच्या आधींच कुणीतरी जागी केली आहे. उद्यां उजाडायच्या आंत येऊं. तोंवर किल्लीला हात लावूं नका म्हणावं."

ह्या बोलण्याचें मर्म समजण्यास डिझेल एंजिनाचें तत्त्व थोडें समजून घेतलें पाहिजे. रुडॉल्फ डिझेल ह्या संशोधकानें १८९७ सालीं जर्मनींत औग्सबुर्ग येथें आपलें एंजिन यशस्वी करून दाखविलें. पेट्रोल एंजिनांत ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेल एंजिनांत ठिणगी नसतेच. तेथें हवा मूळ आकाराच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. दाबली कीं ती तापते, पांचशें अंश सेल्सिअसच्याहि वर जाते, आणि त्या तप्त हवेंत डिझेल फवारलें कीं तें आपोआप पेट घेतें. सायकलच्या टायरांत हवा भरतांना पंप गरम होतो, त्याचेंच हें मोठें रूप. आतां एंजिनाच्या आंतल्या कड्या झिजल्या असल्या तर हवा निसटते, पुरेशी दाबली जात नाहीं, पुरेशी तापत नाहीं. एंजिन आधींच गरम असेल तर हा दोष झांकून जातो. रात्रभर थंड पडलेल्या एंजिनाला मात्र तो लपवितां येत नाहीं. म्हणून जुन्या डिझेल गाडीची खरी परीक्षा पहांटेची.

दुसऱ्या दिवशीं पहांटे ती पांढरी गाडी पुष्कळ वेळ घरघरली, मग थरथरत सुरू झाली, आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. न जळलेल्या डिझेलचा उग्र वास आला. मिस्त्रींनीं तेल भरण्याचें झांकण उघडून दाखविलें. त्यांतून धुराचे झोत धापा टाकल्यासारखे बाहेर येत होते. गाडी सोडून दिली. इसार परत मिळाला नाहीं. पावती नव्हती, तेव्हां भांडणार तरी कशाच्या जोरावर? पांच हजारांत मोठा धडा मिळाला असें मानून मी घरीं आलों.

धुराचा रंग नीट ओळखावा. जोरानें वेग वाढवितांना थोडा काळसर धूर जुन्या गाडीस क्षम्य आहे. पण सतत काळा धूर म्हणजे हवेची गाळणी, इंजेक्टर किंवा टर्बो ह्यांपैकीं कशांत तरी दोष. निळसर धूर म्हणजे एंजिन आपलेंच तेल जाळीत आहे. पांढरा धूर एंजिन तापल्यावरहि राहिला, तर न जळलेलें डिझेल किंवा आंत शिरलेलें थंडाव्याचें पाणी ह्यांपैकीं कांहींतरी आहे. इंजेक्टरांतून डिझेल हवेच्या दाबाच्या हजारपटींहून अधिक दाबानें फवारलें जातें, म्हणून भेसळीच्या किंवा घाणेरड्या डिझेलनें हे भाग फार लवकर खराब होतात. पूर्वींच्या मालकानें डिझेलची गाळणी वेळेवर बदलली होती कीं नाहीं, हें दुरुस्तीच्या पावत्यांवरून पाहावें.

किलोमीटरच्या आंकड्यावर विसंबूं नये. तो मागें फिरवितां येतो. आंकडा चाळीस हजारांचा आणि क्लचच्या पायट्याचें रबर गुळगुळीत झालेलें, तर कोण खोटें बोलतें तें उघड आहे. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. '२३१७' म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. पुरांतून निघालेल्या गाड्यांविषयीं विशेष सावध असावें. २०१९ सालीं सांगली-कोल्हापुरांत आणि २०२१ च्या जुलैंत चिपळुणांत पाणी शिरलें, तेव्हां किती मोटारी बुडाल्या हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. अशी गाडी धुवून पुसून बाजारांत येते. पण गालिचा उचलला कीं कुबट वास येतो, आणि खुर्च्यांच्या खालच्या रुळांत वाळलेला गाळ सांपडतो.

२०२० नंतरची, भारत स्टेज ६ ची डिझेल गाडी घेणारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ह्या गाड्यांत काजळी अडविणारी एक गाळणी असते. सांचलेली काजळी जाळून टाकण्यास गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर, चांगल्या वेगानें, कांहीं वेळ सलग चालावी लागते. नेहमींच दोन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्याची गाळणी तुंबते. म्हणजे डिझेल गाडीला तिच्या प्रकृतीजोगें काम न देणें हाच तिचा रोग होय.

आतां कागदांकडे वळूं. परप्रांतांतली स्वस्त गाडी पाहून भुलूं नये. दिल्ली व आसपासच्या प्रदेशांत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयानें ती २०१८ सालीं कायम केली, आणि २०२५ सालीं तिच्या अंमलाविषयीं पुन्हा नवे आदेश दिले. ह्या बंदीच्या धाकानें तिकडच्या पुष्कळ गाड्या इतर प्रांतांत स्वस्तांत आल्या. पण अशी गाडी येथें आणावयाची म्हणजे तिकडच्या कचेरीचा नाहरकत दाखला हवा, येथें नवी नोंदणी हवी आणि महाराष्ट्राचा कर भरावयास हवा. तसेंच, खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें गाडी तपासून घेऊन पांच-पांच वर्षांनीं ती वाढवावी लागते. गाडी घेतांना हीं उरलेलीं वर्षें मोजावीं.

मला शेवटीं एका निवृत्त कारकुनांची २०१४ सालची गाडी मिळाली. पहांटे ती एका हाकेसरशी उठली. पण नोंदणीच्या पुस्तकांत बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच होता. कर्ज फिटून दोन वर्षें झालीं होतीं, बोजा काढण्याचें राहून गेलें होतें. मीं पैसे दिले नाहींत. बँकेचा दाखला व नमुना ३५ देऊन बोजा उतरेपर्यंत तीन आठवडे थांबलों. त्या सद्गृहस्थांना प्रथम राग आला; पुढें तेच म्हणाले, "मास्तर, माझंच काम तुम्ही करवून घेतलंत."

नांव बदलण्यासाठीं नमुना २९ व ३० लागतात. विकणारानें चौदा दिवसांत आणि घेणारानें तीस दिवसांत नोंदणी कचेरीस कळवावें, असें मोटार वाहन कायद्याचें सांगणें आहे. विम्याचेंहि नांव चौदा दिवसांत बदलून घ्यावें. विमा न वापरल्याबद्दलची सवलत जुन्या मालकाची असते. ती गाडीबरोबर येत नाहीं. कोऱ्या नमुन्यावर सही करून गाडी देणें हा तर आपल्या सुशिक्षितांचाहि आवडता आळस. २०१८ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' ह्या खटल्यांत स्पष्ट सांगितलें कीं, गाडी कितीहि हातांतून गेली असली तरी नोंदणींत ज्याचें नांव आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार. विकणाऱ्यानें हें वाक्य भिंतीवर लिहून ठेवावें.

त्या गाडीनें मला चार वर्षें चिपळूणला नेलें. २०२२ च्या पावसाळ्यापूर्वीं आई गेली. त्यानंतर मोटार दारांत उभी असे. आठवड्यांतून दोनदां भाजी आणावयास निघे, एंजिन पुरतें तापण्यापूर्वीं परत येई. कांहीं महिन्यांत तिचा धूर काळा होऊं लागला. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, हिला आजार नाही. हिला घाट पाहिजे." मला तें खरें वाटलें. ती गाडी ज्या कामासाठीं घेतली होती तें काम संपलें होतें. केवळ आठवणीसाठीं ती बांधून ठेवणें तिच्यावरहि अन्याय होता. साताऱ्याच्या एका शिक्षकांना, ज्यांना रोज साठ किलोमीटर जावें लागे, ती विकली. नोंदणी पुस्तकांत त्यांचें नांव चढलेलें मीं स्वतः पाहिलें, मगच किल्ली त्यांच्या हातीं दिली.

तात्पर्य इतकेंच, कीं आधीं आपली वाट मोजा, मग गाडी शोधा. पहांटे तिला उठवा, आणि कागद पुरे झाल्यावांचून पैसा हातावेगळा करूं नका.