पत्ता सर्वांना, परवली एकालाच

ईमेलच्या खात्यात प्रवेश करणे, ज्याला रोजच्या बोलण्यात लॉगिन करणे म्हणतात, म्हणजे संकेतस्थळाच्या दोन प्रश्नांना उत्तरे देणे होय: खाते कोणाचे, आणि ते उघडू पाहणारी व्यक्ती तीच कशावरून. पहिल्याचे उत्तर ईमेलचा पत्ता असून तो उघड असतो, लग्नपत्रिकेवर छापला तरी बिघडत नाही. दुसऱ्याचे उत्तर पासवर्ड, ज्याला मराठीत रात्रीच्या पहाऱ्याची आठवण जागवणारा ‘परवलीचा शब्द’ हा प्रतिशब्द आहे, आणि तो खातेदाराखेरीज कोणालाही ठाऊक नसावा अशी अपेक्षा असते.

एकच यंत्र अनेकांनी वापरायचे ठरले तेव्हा हा दुसरा प्रश्न उद्भवला, आणि 1960 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने सामाईक संगणकावर प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून पासवर्डाची योजना केली. पुढे सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी 4 जुलै 1996 रोजी हॉटमेल सुरू केले, त्यामागचा हेतू टपाल एका ठरावीक संगणकाला बांधलेले न राहता ब्राउझर असलेल्या कोणत्याही संगणकावर वाचता यावे असा होता; मात्र जे दार कोठूनही गाठता येते, त्याला येणाऱ्या प्रत्येकाची ओळख विचारणे भागच पडते.

आज नवख्या माणसाची अडचण निराळ्याच ठिकाणी आहे. अँड्रॉइड फोन सुरू करताना गूगलचे खाते मागितले जाते, ते बहुधा दुकानदार किंवा घरातले एखादे पोर उघडून देते, आणि फोन त्या खात्यात कायम प्रवेश केलेल्या अवस्थेतच राहत असल्याने आपण कधी लॉगिन केले होते हेच वापरणाऱ्याला ठाऊक नसते. एखाद्या अर्जाची प्रत छापण्यासाठी झेरॉक्सच्या दुकानातील संगणकासमोर बसल्यावर पासवर्डाची रिकामी चौकट पहिल्यांदा दिसते, आणि आपल्याच खात्याची किल्ली कधी हातीच आली नव्हती हे तेव्हा उमगते.

जीमेलमध्ये प्रवेश करताना ब्राउझरच्या वरच्या पट्टीत जीमेल डॉट कॉम असे टंकल्यावर आधी पत्त्याची व नंतर पासवर्डाची चौकट येते, आणि दुसरी भरण्याआधी त्या पट्टीतील नाव अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम हेच आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण हुबेहूब बनावट पान दाखवून पासवर्ड काढून घेण्याची फसवणूक याच जागी होते. पत्त्यातील अक्षरे लहान असोत की मोठी, जीमेलला फरक पडत नाही; पासवर्डात मात्र पडतो, आणि तेथे अक्षरांऐवजी ठिपके दिसत असल्यामुळे कॅप्स लॉक चालू राहिल्याचे ध्यानात येत नाही. अशा वेळी चौकटीजवळचा ‘पासवर्ड दाखवा’ हा पर्याय निवडावा, फक्त पाठीमागे कोणी उभे नाही हे पाहून.

पासवर्ड विसरल्यास ‘जुना सांगा’ असा आग्रह धरण्यात अर्थ नसतो, कारण नीट चालवलेल्या सेवेकडे तो मूळ रूपात नसतोच. बेल लॅब्जमधील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 च्या निबंधात वर्णिलेल्या पद्धतीचेच सुधारित रूप आज वापरात आहे: पासवर्डावर गणिती प्रक्रिया करून त्याचे असे रूप जतन करायचे की त्यावरून मूळ शब्द काढता येऊ नये, जसे वाटलेल्या चटणीतून खोबऱ्याचा तुकडा परत मिळत नाही. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी जतन केलेले रूप वेगळे दिसावे म्हणून प्रत्येकात निराळी अक्षरे मिसळतात, आणि त्यांना या शास्त्रात खरोखरच ‘मीठ’ या अर्थाचा ‘सॉल्ट’ हा शब्द आहे. म्हणून विसरलेला पासवर्ड सांगितला जात नाही, ओळख पटवून नवा ठरवायला लावला जातो.

ही ओळख पुष्कळदा खात्याशी जोडलेल्या मोबाइल क्रमांकावरून पटवली जाते, आणि भारतात बंद पडलेला क्रमांक किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकत असल्याने, सिमकार्ड बदलले की खात्यातील क्रमांकही बदलणे हे टाळण्याजोगे काम नाही. पासवर्डाखेरीज फोनवर आलेला संकेतांक किंवा होकार मागणारी द्विस्तरीय पडताळणी सुरू असेल, तर गूगल एकेकदाच वापरता येणारे दहा राखीव संकेतांकही देते. ते कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले तर फोन हरवल्यावर कामी येतात.

प्रवेश मिळाल्यानंतर संकेतस्थळ ब्राउझरजवळ ‘कुकी’ नावाची छोटी नोंद ठेवते, जिची कल्पना नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी 1994 मध्ये प्रत्यक्षात आणली. सिनेमागृहातून मध्यंतरात बाहेर पडलेल्या प्रेक्षकाने खिशातले तिकीट दाखवून पुन्हा आत जावे, तसा ती दाखवून ब्राउझर पानापानावर पुढे जातो, आणि म्हणूनच नुसती खिडकी बंद केल्याने खाते बंद होत नाही. परक्या संगणकावर इनकॉग्निटो, म्हणजे बंद होताच कुकी पुसून टाकणारी, खिडकी वापरावी व शेवटी साइन आउट करावे. ते राहून गेलेच, तर घरी आल्यावर फोनमधील खात्याच्या सुरक्षा विभागात लॉगिन असलेल्या उपकरणांची यादी उघडून झेरॉक्सच्या दुकानातला तो संगणक तेथूनच बाहेर काढता येतो.