पूर्वनिर्मित घर : सोय आणि मर्यादा

गावात शाळेची खोली किंवा अंगणवाडी बांधावयाची म्हटली, की काम उन्हाळ्यात सुरू होते, वाळू वेळेवर मिळत नाही, गवंडी दुसऱ्या कामावर निघून जातात आणि अर्ध्या भिंती छताविना पावसाळा काढतात. अशा वेळी एखादा विक्रेता रंगीत माहितीपत्रक घेऊन येतो व महिन्याभरात तयार घर उभे करून देण्याची हमी देतो. ग्रामपंचायतीला आणि घर बांधू पाहणाऱ्या कुटुंबालाही हा मोह पडणे स्वाभाविक आहे.

पूर्वनिर्मित घराचे भाग कारखान्यात तयार होतात व जागेवर फक्त जोडले जातात. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. पहिल्यात भिंती व छताच्या काँक्रीटच्या लाद्या साच्यांत ओतून आणल्या जातात. दुसऱ्यात पोलादी सांगाड्यावर, दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले हलके तक्ते बसवितात. ग्रामीण भागात विक्रीस येणारी घरे बहुधा याच प्रकारची असतात. तिसऱ्यात सबंध खोलीच कारखान्यातून येते.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. फाळणीनंतर निर्वासितांच्या निवाऱ्याचा प्रश्न तातडीचा झाला, तेव्हा केंद्र सरकारने 1948 मध्ये दिल्ली येथे घरांचा कारखाना काढला. भिंतींच्या तक्त्यांचा तो पहिला प्रयोग अपेक्षेप्रमाणे उतरला नाही व सोडून द्यावा लागला. पुढे त्याच कारखान्याने विजेचे खांब व रेल्वेचे काँक्रीट स्लीपर यांच्या उत्पादनात जम बसविला. 1978 मध्ये त्यास हिंदुस्तान प्रीफॅब हे नाव मिळाले.

या पद्धतीचा निर्विवाद लाभ म्हणजे वेळेची बचत. पाया खणला जात असतानाच भिंती कारखान्यात तयार होत असतात. नवी मुंबईत बामणडोंगरी येथे सिडकोने 2022 मध्ये 96 दिवसांत 96 सदनिका उभ्या केल्या. चेन्नई येथील 1,152 घरांच्या प्रकल्पाची पायाभरणी 1 जानेवारी 2021 रोजी झाली आणि उद्घाटन 26 मे 2022 रोजी. काँक्रीटचे प्रमाण व पाणी मारण्याचे काम कारखान्यात नियंत्रणाखाली राहते, हाही लाभ लहान नव्हे.

मात्र ही उदाहरणे शेकडो घरांची आहेत, हे विसरून चालणार नाही. साचे, क्रेन व वाहतूक यांचा खर्च हजार घरांवर विभागला जातो तेव्हा तो परवडतो. घाटातल्या वाडीवर एकच घर न्यावयाचे असेल तर तोच खर्च एकट्या घरमालकावर पडतो. लांब ट्रक अरुंद साकवावरून जाईल काय, हा प्रश्न माहितीपत्रकात नसतो. तो सरपंचांनीच विचारला पाहिजे.

तयार भाग सहसा दगा देत नाहीत. दगा देतात ते सांधे. लंडनमधील रोनन पॉइंट ही 22 मजली इमारत अशाच काँक्रीटच्या तक्त्यांची होती. लोक राहावयास येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. 16 मे 1968 रोजी अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत बाहेर फेकली गेली आणि इमारतीचा संपूर्ण कोपरा ढासळला. चार जण दगावले. 1986 मध्ये इमारत उतरविताना काही सांध्यांत काँक्रीटऐवजी वर्तमानपत्रांचे कागद कोंबलेले आढळले. कारखान्यातील तपासणी कितीही कडक असली, तरी सांधा भरणारा माणूस जागेवर असतो व त्याच्यावर देखरेख हवी, असा याचा अर्थ.

आपल्या हवामानाचा विचारही तितकाच आवश्यक आहे. कोकणात खाऱ्या हवेने पोलाद गंजते व पाऊस सांध्यांतून आत शिरतो. हलक्या घरास वाऱ्याचे भय अधिक. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड किनाऱ्यावर किती छपरे उडाली, हे तेथील लोक विसरलेले नाहीत. अशा घराची मदार पायातील बोल्टांवर असते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात साधा पत्रा तापतो. फोमचा थर जाड असेल तरच घर राहण्याजोगे होते. तो फोम आगीत कसा वागतो, याची चौकशीही करावी.

भूकंपात मात्र हलकेपणा उपकारक ठरतो. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती व मातीची धाबी अंगावर पडून हजारो लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथील घरे सर्वच पूर्वनिर्मित नव्हती. परंतु एकसारख्या नमुन्याचे घर आणि सरळ रेषेतील गल्ल्या यांत बैल, कडबा, अवजारे व भावकी कोठे सामावणार, हा जो प्रश्न तेथे उभा राहिला, तोच तयार घर घेणाऱ्यापुढेही उभा राहतो. शेतकऱ्याचे घर वाढत जाते. मुलाचे लग्न झाले की खोली निघते, गाय आली की पडवी निघते. तक्त्यांच्या घरात भार पेलणारी भिंत फोडून दार काढता येत नाही, आणि मोडलेला तक्ता गावच्या गवंड्याला बदलता येईलच असे नाही.

पैशाचे वेळापत्रकही जुळावे लागते. घरकुलाचे अनुदान बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्त्यांनी मिळते. कारखानदार मात्र माल निघण्यापूर्वीच मोठी रक्कम मागतो. मधला भार लाभार्थ्याने सावकाराकडून उचलला, तर वेळेची बचत व्याजात जाते. गावातील गवंडी व मजूर यांच्या हाती पडणारी मजुरीही या पद्धतीत घटते. दुष्काळी तालुक्यात ही बाब गौण मानता येणार नाही.

म्हणून मागणी नोंदविण्यापूर्वी त्याच बनावटीचे, निदान दोन पावसाळे काढलेले घर प्रत्यक्ष पाहून यावे आणि तेथील गृहिणीशी बोलावे; गळती कोठे होते ते तीच नेमके सांगेल. केंद्राच्या बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान प्रवर्धन परिषदेचे प्रमाणपत्र त्या पद्धतीस आहे काय, हे पाहावे. वाऱ्याचा व भूकंपाचा भार त्या ठिकाणासाठी धरला असल्याचे अभियंत्याकडून लेखी घ्यावे. शेवटचा हप्ता पहिल्या पावसानंतर देण्याची अट करारात घालावी. आणि कोणती भिंत भार पेलते व वायरी कोठून गेल्या आहेत, हे दाखविणारे नकाशे ताबा घेतानाच मागून ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावेत. दहा वर्षांनी विक्रेता सापडेलच असे नाही.