पेरीच्या स्तंभावरचा एक दिवस

सकाळी ८
अमेरिकेच्या ओहायो राज्यात, ईरी सरोवरातल्या साउथ बास बेटावर मुख्य भूमीवरून फेरी येऊन लागते. उन्हाळ्याच्या शनिवारी उतरणाऱ्या गर्दीतले बरेच जण पुट-इन-बे गावातली मजा करायला आलेले असतात. बेटाच्या चिंचोळ्या पट्टीवरचा ३५२ फुटी डोरिक स्तंभ मात्र कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. त्याच्या नावात अमेरिकन सेनानी पेरीने १८१३ मध्ये या सरोवरावरच्या लढाईत ब्रिटिशांवर मिळवलेला विजयही आहे आणि आंतरराष्ट्रीय शांतताही. या दोन गोष्टी एका दगडात कशा बसल्या, हे सांगण्यात इथल्या रेंजरांचा दिवस जातो.

सकाळी ९
दार उघडण्याआधी चौथऱ्यावर एक चक्कर होते. झेंडे चढतात : अमेरिकेचा, ब्रिटनचा, कॅनडाचा. मान वर करून गॅलरीच्या कडेकडे पाहण्यालाही कारण आहे. जून २००६ मध्ये तिथून सुमारे ५०० पौंडांचा ग्रॅनाइटचा तुकडा सुटून खाली चौथऱ्यावर आदळला. सुदैवाने कोणाला लागलं नाही, पण स्मारक बंद करावं लागलं आणि पुढे मोठी दुरुस्ती निघाली. सरोवरावरचा वारा, पाऊस आणि हिवाळ्यातला बर्फ दगडांच्या सांध्यांना स्वस्थ बसू देत नाहीत.

सकाळी १०
पहिले पाहुणे स्तंभाच्या तळाशी असलेल्या घुमटाकार दालनात शिरतात. भिंतींवर त्या लढाईतल्या अमेरिकन मृतांची आणि जखमींची नावं कोरलेली आहेत. रेंजर मात्र पायाखाली बघायला सांगते. या फरशीखाली सहा अधिकारी आहेत, तीन अमेरिकन आणि तीन ब्रिटिश. लढाईनंतर दोन्हीकडच्या लोकांनी मिळून त्यांना याच बेटावर पुरलं होतं. पुढे शताब्दीच्या वर्षी, १९१३ मध्ये, त्यांचे अवशेष इथे आणले. १९१२ ते १९१५ या काळात, नऊ राज्यांच्या आणि केंद्र सरकारच्या पैशातून स्तंभ उभा राहिला. युरोपात महायुद्ध पेटलेलं असताना इथे शंभर वर्षांच्या शांततेची खूण बांधून पुरी होत होती.

सकाळी ११.४५
हिरवळीवर जुन्या गणवेशातले स्वयंसेवक बंदुकीचा बार काढतात. पोरं कानांवर हात ठेवतात. १० सप्टेंबर १८१३ रोजी पहिली तोफ साधारण याच वेळी धडाडली. ब्रिटिशांची सहा जहाजं आणि अमेरिकेची नऊ. ब्रिटिशांचा प्रमुख रॉबर्ट बार्कले याने एक हात आधीच्या युद्धात गमावला होता. त्याच्या तळावर अन्नधान्य संपत आलं होतं, म्हणून त्याला बाहेर पडून लढणं भागच होतं. समोर होता अठ्ठावीस वर्षांचा ऑलिव्हर हॅझर्ड पेरी. त्याच्या ‘लॉरेन्स’ या जहाजावर निळा झेंडा होता आणि त्यावर शब्द होते : जहाज सोडू नका.

दुपारी २.३०
जेवणानंतरच्या भाषणात गर्दीला हाच भाग सगळ्यात आवडतो. या सुमाराला ‘लॉरेन्स’वरचे पाचांतले चार जण ठार किंवा जखमी झाले होते. पेरीने तो झेंडा काढून घेतला, होडीत बसला आणि जहाज सोडलं! होडी ‘नायगारा’कडे वल्हवत गेली. पुढच्या रांगेतला एखादा मुलगा इथे हमखास हसतो. ‘नायगारा’ घेऊन पेरी ब्रिटिशांची फळी फोडत आत घुसला. त्यांची दोन मोठी जहाजं, ‘डेट्रॉइट’ आणि ‘क्वीन शार्लट’, एकमेकांत अडकून पडली होती. तीनच्या सुमाराला सगळं संपलं. अमेरिकेचे २७ मेले, ब्रिटिशांचे ४१.

दुपारी ४
काही पायऱ्या चढून लिफ्टने वर गॅलरीत. वायव्येला जिथे लढाई झाली ते पाणी, उत्तरेला कॅनडाची बेटं. पाण्यावर सीमेची रेघ दिसत नाही, म्हणून रेंजर हात लांब करून दाखवते. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातलं ते युद्ध १८१४ च्या गेंटच्या तहाने थांबलं, पण सीमेवरच्या सरोवरांवरची त्यांची जहाजबांधणीची चढाओढ मिटवली ती १८१७ च्या रश-बॅगट कराराने. त्याचं कलम अगदी हिशेबी आहे : वरच्या सरोवरांत प्रत्येक देशाची दोनच लढाऊ जहाजं, प्रत्येक जास्तीत जास्त शंभर टनांचं, त्यावर अठरा पौंडी गोळ्याची एकच तोफ. बंधुभावाची भाषा कमी, मोजमाप जास्त. कदाचित म्हणूनच तो टिकला.

सायंकाळी ५
शेवटच्या तुकडीतले एक आजोबा विचारतात, “हा करार अजून चालतो का?” रेंजर दगड पडला ते २००६ सालच पुन्हा काढते. त्या वर्षी अमेरिकन तटरक्षक दलाने या सरोवरांवर मशीनगनच्या सरावासाठी ३४ कायमची क्षेत्रं आखण्याचा प्रस्ताव मांडला. दोन्ही काठांवरून विरोध झाला आणि वर्ष संपता संपता प्रस्ताव मागे घेण्यात आला. दोन शतकांपूर्वीचं कलम असं मधूनच उघडावं लागतं. कोणती बोट, किती टन, कोणती तोफ, हे नव्याने ठरवावं लागतं. “चालतो,” ती म्हणते, “पण आपोआप नाही.” आजोबा मान डोलावतात आणि परतीची फेरी किती वाजता, ते विचारतात.