टर्कीची जोडी जमवताना

टर्कीची पिल्लं घेताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, ‘जोडी आहे ना?’ विकणाराही छातीवर हात ठेवून ‘आहे’ म्हणतो. पिल्लं महिनाभराची असतील तर हे उत्तर अंदाजपंचेच समजावं. हुबळी-धारवाडकडे टर्की पाळायचा मोह पडावा अशी परिस्थिती आहे खरी. मका आणि ज्वारी हाताशी, मळ्यातल्या घराला परसाची जागा, आणि नाताळात टर्कीला मागणी असलेला गोवा घाट उतरलं की आलाच. पण दोन-चार पक्ष्यांचा कळप करायचा तर दोन गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात. नर-मादी केव्हा आणि कशावरून कळते ही पहिली. घरातली गावठी कोंबडी टर्कीच्या उपयोगाची कुठवर आणि धोक्याची कुठून, ही दुसरी.

पिल्लू बाहेरून पाहून लिंग कळत नाही, कारण नराचं जननेंद्रिय गुदद्वाराच्या आत दडलेलं असतं. जपानी शास्त्रज्ञ कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार अलगद उघडून आतल्या बारीकशा उंचवट्यावरून नर ओळखण्याची पद्धत बसवली आणि 1927 साली कॅनडातल्या ओटावा इथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ती जगापुढे मांडली. पुढे जपानी तज्ज्ञ अमेरिका-युरोपच्या हॅचरींमध्ये याच कामासाठी जाऊ लागले. टर्कीच्या मोठ्या हॅचरीही ही पद्धत वापरतात. मात्र त्यासाठी बराच सराव लागतो. अडाणी हाताने पिल्लाला आतून इजा होते, म्हणून परसात हा प्रयोग करू नये.

कोंबड्यांमध्ये दुसरीही एक वाट आहे. माणसात लिंग ठरतं बापाकडून, पक्ष्यांत ते आईकडून. नराची गुणसूत्रं ‘झेडझेड’, मादीची ‘झेडडब्ल्यू’. पिसांच्या रंगाची काही जनुकं ‘झेड’वर असतात, त्यामुळे योग्य संकर केला तर नर आणि मादी पिल्लं जन्मतःच वेगळ्या रंगाची निघतात. केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांनी 1929 मध्ये याच तत्त्वावर ‘कॅमबार’ ही कोंबडीची जात तयार केली. आपल्याकडच्या परसातल्या टर्की मात्र काळ्या, पांढऱ्या, कांस्य रंगाच्या अशा मिसळलेल्या असतात. तिथे पिल्लाच्या रंगावरून काही ठरवता येत नाही.

मग उरतं थांबणं. पिसारा फुलवून ऐटीत चालण्यावर पहिल्या काही आठवड्यांत विश्वास ठेवू नये, कारण तो खेळ दोन्ही लिंगांची पिल्लं करतात. तीन-चार महिन्यांनंतर खुणा पक्क्या होऊ लागतात. नराच्या चोचीवरची मांसल सोंड लांबून खाली लोंबू लागते, मादीची आखूडच राहते. नराच्या मानेवर लाल गाठी दाटतात, त्याचे पाय जाड होतात. कांस्य रंगाच्या पक्ष्यात छातीच्या पिसांची टोकं नराची काळी आणि मादीची पांढुरकी असतात. नराच्या छातीवर राठ केसांचा झुपका उगवतो, पण तो काही माद्यांनाही येतो, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नये. खात्रीची खूण म्हणजे आवाज. घशातून गडगडत येणारी ती आरोळी नरच देतो.

या नराच्या रंगबदलू डोक्याने चारशे वर्षांपूर्वी एका बादशहाला चकित केलं होतं. जहांगीरच्या हुकमावरून मुकर्रब खानाने 1612 मध्ये गोव्याहून जे नवलाईचे प्राणी नेले, त्यात टर्कीचा नरही होता. माजावर आला की त्याचं डोकं लाल, पांढरं, निळं होत जातं, याची नोंद जहांगीरने आत्मचरित्रात केली, आणि दरबारी चित्रकार मन्सूरने पक्ष्याचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. या रंगबदलामागे कातडीतल्या कोलॅजेन तंतूंची मांडणी असते. तंतूंमधल्या रक्तवाहिन्या फुगल्या किंवा आकसल्या की तंतूंमधलं अंतर बदलतं, आणि प्रकाश वेगळ्या तऱ्हेने विखुरला जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतील संशोधकांनी 2014 मध्ये या रचनेची नक्कल करून हवेतली रसायनं ओळखणारा रंगबदलू सेन्सर बनवला.

पैदाशीचा नर निवडतानाही सोंडेकडे लक्ष द्यावं. अमेरिकेतले संशोधक रिचर्ड बुखोल्झ यांना रानटी टर्कींच्या अभ्यासात असं दिसलं की माद्या लांब सोंडेच्या नरांना पसंती देतात आणि अशा नरांच्या आतड्यात कॉक्सिडिया हे परजीवी कमी असतात. मादीची पसंती अशी आरोग्यावरही शिक्कामोर्तब करते.

आता साधा हिशेब. लिंग न ओळखता दोन पिल्लं घेतली तर जोडी जमण्याची शक्यता निम्मीच. किमान एक नर आणि दोन माद्या हव्यात, तर सहा पिल्लांत ही शक्यता 87 टक्क्यांवर जाते, आठ पिल्लांत 96 टक्क्यांवर. काही पिल्लं दगावणार हे धरलं तर आठ-दहा पिल्लं घेऊन चार महिने थांबणं, हाच परसातला सगळ्यात स्वस्त लिंगनिदानाचा मार्ग. एका नराला पाच-सहा माद्या सहज पुरतात, म्हणून जास्तीचे नर बाजाराचे.

सगळ्याच माद्या निघाल्या, तर? इथे टर्कीची एक अजब गोष्ट आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रात मार्लो ओल्सेन यांना 1950 च्या दशकात आढळलं की नराचा संबंधही न आलेल्या टर्कीच्या काही अंड्यांत गर्भ वाढू लागतो. बहुतेक गर्भ मरतात, क्वचित एखादं पिल्लू बाहेर येतं, आणि ते नेहमी नरच असतं. अंड्यातला गुणसूत्रांचा एकेरी संच दुप्पट होतो तेव्हा ‘झेडझेड’ किंवा ‘डब्ल्यूडब्ल्यू’ एवढेच पर्याय उरतात, आणि दुसरा जगतच नाही. अर्थात या चमत्काराच्या भरवशावर कळप वाढत नाही. नर हवाच.

अंडी मिळू लागली की गावठी कोंबडीची पाळी येते. खुडूक कोंबडी टर्कीची मोजकी अंडी उत्तम उबवते. फक्त तिच्या 21 दिवसांच्या सवयीला आणखी आठवडाभर ताण पडतो, कारण टर्कीचं अंडं फुटायला 28 दिवस लागतात. दाणा-पाणी तिच्या जवळ ठेवलं की ती हे निभावते. पिल्लं बाहेर आली, की मात्र तिचं काम संपलं असं समजून ती उचलावीत. याचं कारण ‘ब्लॅकहेड’ हा रोग. थिओबाल्ड स्मिथ यांनी 1895 मध्ये अमेरिकेत त्याचं वर्णन केलं. हिस्टोमोनास नावाचा हा एकपेशीय जीव उघड्यावर लवकर मरतो, पण कोंबडीच्या आंधळ्या आतड्यातल्या जंतांच्या अंड्यात शिरला की मातीत वर्षानुवर्षं टिकतो. कोंबडीला सहसा काही होत नाही. टर्कीचं मात्र आतडं आणि यकृत सडतं, विष्ठा गंधकासारखी पिवळी होते आणि कळपच्या कळप जातो. गांडुळांच्या पोटातही ही जंतांची अंडी राहतात. नाताळात विकायचे नर जून-जुलैत जन्मावे लागतात, म्हणजे कलघटगी-अळणावरकडे पावसाने परसात गांडुळं वर येतात नेमकी तेव्हा. अमेरिकेत या रोगावरचं शेवटचं मान्यताप्राप्त औषध 2015 अखेर बाजारातून गेलं. म्हणून खरा उपाय एकच, तो म्हणजे जागा वेगळी. जिथे कोंबड्या चरल्या ती जमीन टर्कीला देऊ नये, आणि पिल्लं कोरड्या तुसाच्या गादीवर वाढवावीत.

पहिला आठवडा 35 अंश सेल्सिअसची ऊब, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. टर्कीच्या पिल्लाला सुरुवातीच्या खाद्यात 28 टक्के प्रथिनं लागतात. नुसत्या मक्याच्या भरड्यात त्याच्या निम्मीही नसतात. शिवाय ही पिल्लं दाणा ओळखायला मंद. समोर खाद्य असूनही उपाशी मरतात. म्हणून पहिले पंधरा दिवस दर लिटर पाण्यात 100 मिलिलिटर दूध आणि दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं द्यावं, अशी आपल्याकडची शिफारस आहे. पाण्याच्या भांड्यात रंगीत गोट्या टाकल्या की पिल्लं तिथे चोच मारतात आणि प्यायला शिकतात.

कोंबड्यांप्रमाणे टर्कीलाही मानमोडी आणि देवीचा धोका असतो, त्याची लस पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेळेवर टोचून घ्यावी. विकत आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय कळपात सोडू नये. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा घरच्या खुराड्यातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या, हे विसरू नये. जात निवडायची तर इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची ‘विराट’ आणि तमिळनाडूची ‘नंदनम टर्की-1’ ही नावं ध्यानात असावीत. शंका असल्यास धारवाडजवळच्या सैदापूरचं कृषी विज्ञान केंद्र आहेच.

परसातला कळप पक्ष्यांच्या आकड्याने वाढत नाही. अंडी देणाऱ्या माद्या किती, आणि नराचं रक्त वेगळं आहे का, यावर त्याची वाढ ठरते. एकाच उबवणीतले भाऊ-बहीण पुन्हा जोडले की फुटणारी अंडी पिढीगणिक कमी होतात. म्हणून पहिल्या नाताळात जास्तीचे नर विकावेत, राखलेला उत्तम नर दुसऱ्या गावच्या पाळणाऱ्याशी अदलाबदल करून घ्यावा, आणि मादी मात्र एकही विकू नये.