मांजर गप्प गप्प झाले तर?

गावाकडचे मांजर नोकरीवाल्या मुलाबरोबर अंबरनाथला, आनंदनगर औद्योगिक वसाहतीजवळच्या खोलीत नेले, की पलंगाखाली दडते, खेळत नाही, अंग चाटत नाही. जागा बदलल्याची, सोबती दुरावल्याची खंत त्यालाही लागते. पण मांजर दुखणेही असेच लपवते. म्हणून आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतते. बोका लघवीला कुंथत असेल तर त्याच दिवशी न्या. आपली पॅरासिटामॉलची गोळी मात्र देऊ नका. मांजराला ती विषच! रोग नसेल, तर त्याचे जुने गोणपाट न धुता अंथरा. ओळखीच्या वासाने धीर येतो. ठरल्या वेळी खाणे द्या, कागदाचा बोळा टाकून खेळवा, ओढून बाहेर काढू नका. कणगी राखणाऱ्या जिवाचे एवढे देणे आपण लागतोच.